रंगाखालचा खर्च

पोळा फुटला त्या संध्याकाळी माझी गाडी मारुतीच्या देवळाच्या वाटेवर उभी होती, हा दोष माझाच. मानाचे बैल तोरणाखालून गेले, मागून हलगीचा कडकडाट वाढला आणि गर्दीतला एक देवणी गोऱ्हा बिथरून गाडीला घासत गेला. पुढच्या दारावर सुरू झालेली रेघ मागच्या दारावरून थेट मागच्या चाकावरच्या पत्र्यापर्यंत गेली आणि तिथे शिंगाने एक पोचाही दिला. सकाळी रंगवलेली शिंगे पुरती वाळली नव्हती, त्यामुळे पांढऱ्या गाडीवर गुलाबी रेघ उठली. गोऱ्ह्याच्या मालकाने ओशाळून पेट्रोलचा बोळा आणला आणि ती पुसून दिली. गुलाबी रंग निघाला, खालची रेघ राहिली. नखाने चाचपली तर नख अडकत होते.

पुढच्या आठवड्यात मी तीन ठिकाणी भाव विचारला. देवणीत रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये उत्तर मिळाले: तीन पीस, प्रत्येकी 1,800, म्हणजे 5,400. उदगीरला तेच तीन पीस 2,800 प्रमाणे 8,400 झाले. लातूरच्या कंपनी वर्कशॉपमध्ये छापील एस्टिमेट मिळाले, 14,000 रुपये, वर 18 टक्के जीएसटीचे 2,520, एकूण 16,520. गाडी तीच, रेघ तीच, रंग पांढराच. देवणी ते लातूर या प्रवासात माझ्या रेघेची किंमत तिपटीवर गेली. पहिला विचार कोणाच्याही मनात येईल तोच माझ्याही आला, की यातला एक तरी लुबाडतो आहे.

तिघांपैकी कोणीच लुबाडत नव्हते, हे कळायला मला बरेच दिवस लागले आणि त्या दिवसांतूनच पुढची पाने तयार झाली. तिघे मला तीन निरनिराळ्या कामांचा भाव सांगत होते. मी मात्र तिघांना एकच प्रश्न विचारला होता, ‘रंगाचे किती?’ प्रश्नच चुकलेला होता. देवणीच्या पेंटरमामांनी तो पहिल्याच दिवशी दुरुस्त करून दिला होता, माझे लक्ष नव्हते. मी घासाघीस करू लागलो तेव्हा ते हातातला वॉटर पेपर न थांबवता म्हणाले, “रंगाचे पैसे कुठं घ्यायलोत आम्ही, सर? घासायचे घ्यायलोत.”

हे त्यांनी चतुराईने म्हटले असे मला तेव्हा वाटले. पण विम्याचे नियम वाचताना त्याच वाक्याचा सरकारी अवतार सापडला. अपघातानंतर दुरुस्तीचे पैसे देताना विमा कंपनी जुन्या वस्तूंचा घसारा कापते. प्लास्टिक आणि रबराचे भाग बदलले तर 50 टक्के, फायबरचे 30 टक्के, काचेला शून्य. रंगाचा नियम जरा वेगळा आहे. रंगकामात 50 टक्के घसारा फक्त मालावर, म्हणजे डब्यातून आलेल्या रंगावर लागतो, मजुरीवर लागत नाही. आणि बिलात माल व मजुरी वेगळी दाखवली नसेल, तर एकूण रंगकामाच्या 25 टक्के रक्कम मालाची धरावी, असे ठरलेले आहे. उरलेली पाऊण रक्कम कशाची? घासण्याची, भरण्याची, झाकण्याची, वाट पाहण्याची. घसारा आणि घासणे हे शब्द एकाच कुळातले आहेत, आणि इथे ते एकमेकांशेजारी येऊन बसले आहेत. मामांनी तो नियम वाचला असण्याची शक्यता नाही.

माझ्या लातूरच्या एस्टिमेटला तो लावून पाहा. 14,000 चा चौथा हिस्सा 3,500. त्याचा निम्मा, 1,750, हा माझ्या खिशातून. शिवाय 1,500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 रुपयांची सक्तीची वजावट. म्हणजे कर बाजूला ठेवला तरी पावणेतीन हजार माझे आणि बाकी कंपनीचे. हे ऐकून दावा करायला धावू नये. दावा केला की पुढच्या वर्षीचा नो-क्लेम बोनस जातो. तो पहिल्या निर्धोक वर्षानंतर 20 टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांत 50 टक्क्यांपर्यंत चढतो, आणि एका रेघेपायी शिडीच्या तळाशी येतो. एका पिसाच्या कामासाठी विमा वापरणे बहुधा तोट्याचे असते. हा हिशेब विम्याच्या प्रकरणात सविस्तर मांडला आहे.

पीस म्हणजे काय, हेही इथेच सांगून टाकतो. आपल्याकडे पेंटर गाडी मोजतो ती पिसांत: एक दार एक पीस, बॉनेट एक पीस, टप एक, बंपर एक, मागच्या चाकावरचा पत्रा म्हणजे ‘क्वार्टर’ हा एक. ओरखडा एक बोटभर असो की वीतभर, भाव अख्ख्या पिसाचाच. ग्राहकाला हा अन्याय वाटतो. पण मधेच रंग थांबवला तर जुन्या-नव्याची कड दिसते, म्हणून रंगाला नैसर्गिक हद्द लागते आणि ती दाराच्या फटीत सापडते. क्वार्टरला तीही नीट नसते. तो पत्रा टपाला वेल्डिंगने जोडलेला असतो, त्याची सीमा कुठे संपवायची हे पेंटरला ठरवावे लागते. माझा शिंगाचा पोचा नेमका क्वार्टरवर बसला, आणि तिन्ही ठिकाणी त्याच पिसापाशी कपाळाला आठी पडली.

गाडीवर जो रंग कारखान्यातून येतो तो किती पातळ असतो, हे माहीत नसल्यामुळे आपले बरेच गैरसमज होतात. चाकण असो की शेंद्रा, उघड्या पत्र्याचा सांगाडा आधी रसायनांत धुतला जातो, मग विजेचा प्रवाह सोडलेल्या हौदात अख्खा बुडवला जातो. त्यामुळे गंजरोधक थर कोपऱ्याकोपऱ्यात बसतो. त्यावर प्रायमर, त्यावर रंग, त्यावर पारदर्शक लॅकर. हे सगळे मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरते, म्हणजे वर्तमानपत्राची दोन पाने एकावर एक ठेवावीत इतके. वरचे थर 140 अंशांच्या आसपास भाजून पक्के करतात, खालचा बुडवलेला थर त्याहूनही जास्त तापवतात. तेव्हा गाडीत ना वायर असते, ना सीट, ना रबर, ना पेट्रोल.

तुमच्या-माझ्या गाडीत हे सगळे असते. ती 140 अंशांवर भाजता येत नाही. दुरुस्तीच्या बूथमध्ये 60 अंशांच्या आसपास अर्धा तास, इथवरच मजल जाते. उष्णतेची उणीव हार्डनर भरून काढतो, म्हणूनच ‘टू-के’ किंवा बोलीत ‘पीयू’ म्हणतात तो दोन डब्यांचा रंग आला. हार्डनर मिसळला की घड्याळ सुरू होते. काही तासांत उरलेला माल डब्यातच दगड होतो. छोट्या कामात निम्मा माल असा वाया जातो आणि त्याची किंमत पिसावरच बसते. पेंटर एखादे पीस स्वस्तात करायला राजी नसतो आणि तीन पिसे एकदम दिली तर भाव उतरवतो, त्यामागे हे एक कारण आहे.

यावरून आठवले म्हणून जाता जाता सांगतो. आपल्याकडचे सुतार अजूनही फर्निचरच्या गुळगुळीत फवाऱ्याच्या रंगाला ‘ड्युको’ म्हणतात. तो शब्द गाड्यांकडूनच आला. फोर्डची मॉडेल टी 1914 पासून 1925 पर्यंत फक्त काळ्या रंगात निघत होती, कारण तो रंग स्वस्त आणि टिकाऊ होता. इतर गाड्यांचे रंग ब्रशने थरावर थर देत चढवायचे, ते वाळायला आठवडे लागत. कारखान्यात गाड्या रंगासाठी रांगेत पडून राहत. 1923 मध्ये ड्यूपाँ कंपनीच्या ड्युको लॅकरने जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्या निळ्या झाल्या आणि आठवड्यांचे काम काही तासांवर आले. त्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचे वंशज म्हणजे आपल्या गॅरेजमधले ‘एनसी’. अजून मिळते, स्वस्त मिळते, झटपट वाळते आणि दोन उन्हाळ्यांत चमक सोडते. भाव ऐकून खूश होण्याआधी तो एनसीचा आहे की पीयूचा, एवढे विचारले तरी निम्मा उलगडा होतो.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे घासण्याकडे. देवणी-उदगीर पट्ट्यात ज्याने पोळा पाहिला आहे त्याला हे समजावून सांगायची गरज पडू नये. आदल्या दिवशी खांदेमळणी होते, बैल धुतला जातो. शिंगे आधी तासून गुळगुळीत करतात, तेल लावतात, मग रंग, मग बेगड. न तासलेल्या शिंगावर रंग लावणारा शेतकरी हसे करून घेतो. लावला तरी तो पहिल्या धडकेत निघतो. गाडीचे अगदी तसेच आहे, फक्त तासणे जास्त लांबते.

माझ्या क्वार्टरचेच घ्या. शिंगाचा पोचा आधी बाहेर काढायला हवा. हे काम डेंटरचे. तो आतून हात जात असेल तर हातोडी आणि डॉलीने, नसेल तर बाहेरून पुलर जोडून पत्रा ओढतो. ज्याला घाई असते तो पत्रा ओढतच नाही, खड्ड्यात लांबी भरतो. लांबी म्हणजे पॉलिएस्टर पुट्टी. पत्र्याचे किरकोळ उंचसखलपण मिटवण्यापुरती, मिलिमीटर-दोन मिलिमीटर ती उत्तम असते. बोटभर भरली तर उन्हात पत्रा एक प्रसरण पावतो, लांबी दुसरे, आणि वर्षा-दीड वर्षात भेग पडते. लांबी वाळली की 80 नंबरच्या पेपरने घासायची, मग 180, मग 320. पुन्हा हात फिरवायचा, कारण डोळ्याला न दिसणारी लहर तळहाताला कळते. पुन्हा थोडी लांबी, पुन्हा घासणे. मग प्रायमर-सरफेसर, तो वाळल्यावर 400 ते 600 नंबरने घासणे. रंग आणि लॅकर होऊन गेल्यावर त्यात बसलेले धुळीचे कण 1500 आणि 2000 नंबरने उतरवायचे आणि कंपाउंडने चमक परत आणायची. या सगळ्यात गन हातात घेऊन रंग मारायचा वेळ दहा-पंधरा मिनिटांचा.

मधला एखादा नंबर गाळला तर गाडी देताना काहीही कळत नाही. महिन्याभरात थर आणखी आकसतो आणि 80 नंबरच्या ओरखड्यांची बारीक जाळी रंगातून वर येते. गंजाचेही असेच. तो पांढऱ्या पत्र्यापर्यंत खरवडून काढायला अर्धा दिवस जातो, झाकायला पाच मिनिटे. झाकलेला गंज एका पावसाळ्यात फुगून वर येतो. मला हे पुस्तकातून कळलेले नाही. पूर्वीच्या एका गाडीचे बॉनेट मी फार स्वस्तात रंगवून घेतले होते. दिवाळीला रंगवले, पुढच्या आषाढात त्यावर गोवरासारखे फोड आले. त्या पेंटरने मागितले त्याहून सातशे रुपये कमी देऊन मी घरी आलो होतो, आणि त्याने सातशे रुपयांचे घासणे कमी केले होते. व्यवहार चोख होता, असे आता वाटते.

भावात दुसरा मोठा फरक पडतो तो झाकण्याने. दाराची कडी, आरसा, खिडकीची रबरी पट्टी, दिवा हे सगळे उतरवून रंग मारायचा, की वर्तमानपत्र आणि टेप चिकटवून भागवायचे? उतरवायला वेळ लागतो, जुन्या क्लिपा तुटतात, त्या नव्या आणाव्या लागतात. टेप लावून केलेल्या कामाची खूण लपत नाही: रबराच्या कडेला रंगाची बारीक रेघ राहते आणि वर्षाभरात तिथूनच पापुद्रा सुटायला लागतो. देवणीच्या भावात वर्तमानपत्र होते, उदगीरच्या भावात कडी उतरवणे होते. पिसामागे हजार रुपयांचा फरक इथेच पडलेला होता आणि मी तो विचारला नव्हता.

रंगजुळणीबद्दल देवणीकराशी बोलणे त्या मानाने सोपे आहे. या गावाच्या नावाने जो गोवंश देशभर ओळखला जातो त्याचे तीन प्रकार रंगावरूनच ठरतात. अंग पांढरे आणि तोंडाच्या बाजू काळ्या तो वान्नेरा. अंग पांढरे स्वच्छ आणि काळे ठिपके पोटाखालच्या बाजूला तो बालंक्या. पांढऱ्या अंगावर काळे बांडे वेडेवाकडे पसरलेले तो शेवरा. शेजारच्या नांदेडचा लाल कंधारी मात्र अंगभर एकसारखा गडद तांबडा. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या यात्रेत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतो तेव्हा दातांइतकीच नजर या रंगांवर असते. पांढरा म्हणजे नुसता पांढरा नसतो, हे जनावराच्या बाबतीत आम्हाला पोरवयातच कळते. गाडीच्या बाबतीत आम्ही ते विसरतो.

महिंद्राचा डायमंड व्हाइट, ह्युंदाईचा पोलर व्हाइट आणि मारुतीचा आर्क्टिक व्हाइट हे तीन पांढरे शेजारी उभे केले तर कोणालाही वेगळे दिसतील. पांढऱ्याचा पाया टायटॅनियम डायऑक्साइड, पण त्यात काळ्याचा, पिवळ्याचा, कुठे निळ्याचा थेंब असतो आणि तो थेंबच गाडीची ओळख असतो. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली रंगाचा कोड असतो. त्यावरून मिसळणारा दुकानदार ग्रॅमच्या दशांशापर्यंत मोजून डबी बनवतो. तरीही ती डबी नव्या गाडीचा रंग देते. आठ वर्षे मराठवाड्याच्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग आता तो राहिलेला नसतो. मग नजरेने टिंटर टाकत जायचे, डब्याच्या झाकणावर फवारून पाहायचे, आणि तेही ट्यूबलाइटखाली न पाहता उन्हात. ट्यूबखाली जुळलेले दोन रंग उन्हात फारकत घेतात, हा रंगशास्त्राचा जुना विनोद आहे.

माझी गाडी साध्या ‘सॉलिड’ पांढऱ्याची, म्हणून मी त्यातल्या त्यात सुटलो. सॉलिड रंग एकाच मालात होऊ शकतो, त्यावर वेगळे लॅकर लागतेच असे नाही. चंदेरी किंवा करड्या मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात. गन जवळ धरली, हवा कमी-जास्त झाली, थिनर बदलले की ते पापुद्रे वेगळे निजतात आणि तोच रंग गडद किंवा फिका दिसतो. समोरून जुळतो, बाजूने पाहिले की सुटतो. त्यावर उपाय एकच, शेजारच्या चांगल्या पिसावरही रंग विरळ करत नेऊन वर अख्ख्या पिसाला लॅकर द्यायचे. याला ब्लेंडिंग म्हणतात. धक्का एका दाराला आणि बिल दोन-तीन पिसांचे, हे पाहून ग्राहक चिडतो, पण इथे पेंटर खरे बोलत असतो. पर्ल रंगात तर पाया, मधला पर्लचा थर आणि लॅकर असे तीन टप्पे. मधला थर एक हात जास्त झाला तरी छटा बदलते. लाल रंगाची अडचण तिसरीच. त्याची झाकण्याची ताकद कमी, म्हणून खाली योग्य करडा थर नसेल तर हात वाढत जातात आणि माल संपत जातो.

बंपरविषयी एक दिलासा. तुमच्या गाडीचा बंपर दाराहून किंचित वेगळा दिसत असेल तर अपघात लपवला असा संशय लगेच घेऊ नका. बंपर प्लास्टिकचा, तो पत्र्याबरोबर भाजता येत नाही, वेगळा रंगवून आणतात. नव्या गाडीतही फरक असू शकतो. दुरुस्तीत त्याला प्लास्टिकचा खास प्रायमर लागतो. तो वाचवला की पहिल्या उच्चदाबाच्या धुण्यात रंगाची साल निघते.

स्थळकाळाचा भाव कोणी एस्टिमेटात लिहीत नाही, पण तो लागतोच. देवणी कर्नाटकाच्या सीमेवरचे तालुक्याचे गाव. रंग मिसळून आणायला उदगीर नाही तर लातूर गाठायचे. शंभर मिलीची डबी छटेत चुकली तर पुन्हा तीच फेरी. वीज गेली की कॉम्प्रेसर थांबतो, आणि ती पिसाच्या मध्यावर गेली तर अर्धा झालेला थर घासून पुन्हा सुरुवात. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात आमच्याकडे सोयाबीनची मळणी चालते. त्याचे भुसकट मैलभर उडते आणि ओल्या लॅकरला गुळाला मुंगी लागावी तसे चिकटते. गंमत अशी की सोयाबीनचे पैसे हातात येतात तेही याच वेळी, म्हणून दसरा-दिवाळीच्या तोंडावर गाड्यांची रांग लागते. कामाला सर्वांत वाईट हवा आणि सर्वांत जास्त गर्दी एकाच महिन्यात. एप्रिल-मेमध्ये 42 अंशांच्या वर पत्रा इतका तापतो की फवारा पत्र्यावर पोचण्याआधीच अर्धा वाळतो आणि हात फिरवला तर खरखर लागते. त्यासाठी सावकाश उडणारे थिनर घ्यावे लागते. पावसाळ्यात दमट हवेने एनसी पांढुरके पडते. माझे मत विचाराल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने या कामाचे. लग्नसराईच्या आत काम उरकते आणि पेंटरलाही श्वास घ्यायला सवड असते.

पाण्याचेही आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या टँकरांनी लातूरला पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात पाण्याने घासणे ही गोष्ट गृहीत धरता येत नाही. बोअरचे पाणी मिळते, पण ते जड. घासताना त्यातले क्षार पृष्ठभागावर राहिले आणि नीट पुसले गेले नाहीत, तर रंगाखाली ओल खेचतात आणि बारीक फोड येतात. चांगले पेंटर शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याने पुसतात. आता कोरडे घासून धूळ यंत्राने ओढून घ्यायची पद्धत आली आहे. ती आमच्यासारख्या मुलखासाठीच जन्माला आली असावी, फक्त यंत्र महाग आहे.

लातूरच्या 14,000 मध्ये बूथ होता, हे आता लक्षात येईल. गाळलेली हवा वरून खाली वाहणारी बंद खोली, ती तापवणारा डिझेलचा बर्नर, त्या खोलीच्या कर्जाचा हप्ता, आणि काम बिघडले तर परत करून देण्याची लेखी हमी. या साऱ्याची गरज आठ वर्षांच्या सॉलिड पांढऱ्या गाडीला आहे का, हा वेगळा प्रश्न. दोन वर्षांच्या पर्ल गाडीला मात्र ती आहे, असे मी म्हणेन.

संपूर्ण गाडीचा रंग बदलण्याच्या हौशीबद्दल थोडे कडक बोलतो. आमच्या भागात एकेकाळी गावोगाव काळी-पिवळी जीप धावत असे. परमिट सुटल्यावर त्यातल्या कितीतरी पांढऱ्या करून खासगी झाल्या. दार उघडले की आतली कड पिवळी दिसायची. रंग बदलायचा तर दारांच्या आतल्या कडा, डिकीचा आतला भाग, बॉनेटखालची बाजू हे सगळे उतरवून रंगवावे लागते आणि त्याच रंगात पुन्हा रंगवण्यापेक्षा खर्च खूपच वाढतो. तो वाचवला की पिवळी कड राहते. शिवाय आरसीवर रंगाची नोंद असते, ती परिवहन कार्यालयात बदलून घ्यावी लागते. लष्करी हिरवा तर घेऊच नये: 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे तो फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांचा आहे. आणि गाडी विकताना अख्खी रंगवलेली गाडी पाहून गिऱ्हाईक खूश होत नाही, सावध होते. जुन्या गाड्यांचे व्यापारी आता जाडी मोजायचे मीटर खिशात ठेवतात. शंभर-दीडशे मायक्रॉन दाखवले तर रंग कारखान्याचा, दोनशे-तीनशे दाखवले तर पुन्हा मारलेला, आणि हजाराच्या वर गेले की आत लांबी. बैलाचे दात पाहण्याचीच ही रीत.

एक खर्च मात्र तिन्ही ठिकाणी कोणीच धरला नव्हता. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. कामामुळे जडणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांत जगभर त्याचे नाव घेतले जाते. साध्या गनमधून उडालेल्या मालापैकी जेमतेम तिसरा हिस्सा पत्र्यावर बसतो, बाकी हवेत जातो, आणि ती हवा आधी पेंटरच्या छातीत जाते. त्याला हवापुरवठ्याचा किंवा निदान योग्य गाळणीचा मुखवटा हवा. बहुतेकांच्या तोंडाला रुमाल असतो. कमी दाबाची एचव्हीएलपी गन दोन-तृतीयांश माल पत्र्यावर बसवते, रंगही वाचतो आणि श्वासही. पिसामागे शंभर रुपये जास्त मागून ज्या पेंटरने असा मुखवटा आणि अशी गन घेतली असेल, त्याच्याशी त्या शंभरावरून हुज्जत घालू नये, अशी माझी वाचकाला विनंती आहे.

पुढच्या प्रकरणांत पत्रा, लांबी, रंगाचे प्रकार, जुळणी आणि विमा हे विषय एकेक करून घेतले आहेत. दरांचे तक्ते छापावेत असा आग्रह काही मित्रांनी धरला, तो मी मानला नाही. थिनर आणि राळ खनिज तेलातून येतात, त्यांचा भाव तेलाबरोबर हलतो. मजुरी हंगामाबरोबर हलते. आज छापलेला दर पुढच्या दिवाळीला भांडणाचे कारण होईल. म्हणून तक्त्यात कामांची नावे दिली आहेत: पोचा ओढणे, लांबी, सरफेसर, कडी-आरसा उतरवणे, जुळणी, ब्लेंडिंग, एनसी की पीयू, लॅकर, बूथ, पॉलिश. समोरचे रकाने कोरे आहेत. भाव विचारायला जाताना पुस्तक बरोबर न्या, गाडी धुऊन उन्हात उभी करा, आणि प्रत्येक कामासमोर त्या गॅरेजचा आकडा पेन्सिलने लिहून घ्या.

माझे तीन पीस शेवटी उदगीरला झाले, 8,400 रुपयांत, पाच दिवस लागले. दारे जुळली आहेत. क्वार्टर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात अजून किंचित पिवळसर दिसतो.